वर्षाची बेगमी

(आकाशवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)

‘बेगमी’ हा शब्द आता उन्हाळ्यापुरता उरलाय. एप्रिल सरत आला की गच्च्यांवर वाळवणं पडतात, वर्षाचं तिखट डंकावर जातं, डाळींना ऊन दाखवून डबे भरले जातात आणि घरातली मोठी बाई म्हणते, ‘झाली एकदाची पावसाळ्याची बेगमी.’ शब्द मूळचा फारसी. ‘बे’ म्हणजे विना आणि ‘गम’ म्हणजे दुःख, चिंता. काळजी नसणं ती बेगमी. मराठीत येता येता हा अर्थ ज्या साठ्यामुळे काळजी मिटते त्या साठ्यावरच जाऊन बसला. कविता लिहिण्याची खोड असल्यामुळे मी शब्द असे सोलून बघत असतो. पण आज हा शब्द मला कवितेसाठी नको आहे, वर्षभराच्या पैशाच्या हिशेबासाठी हवा आहे.

कवीनं बचतीवर बोलावं याचं काहींना हसू येईल. येऊ द्या. माझं पोटापाण्याचं काम शाळेच्या कार्यालयातलं. पंचवीसहून जास्त वर्षं मी शिक्षकांची पगारबिलं तयार करतोय. कुणाच्या पगारातून काय कापलं जातं, हातात किती पडतं आणि पंचवीस तारखेला कोण कुणाकडे दोनशे रुपये उसने मागतं, हे शाळेच्या लिपिकाइतकं कुणालाच ठाऊक नसतं. शिवाय राहतो मिरजेत. आजूबाजूला ऊस, द्राक्षं, हळद. अशा मुलखात बऱ्याच घरांत पैसा महिन्यानं येत नाही, हंगामानं येतो. या दोन्ही ठिकाणी जे बघितलं ते आधीच सांगून टाकतो. अमुक एवढे पैसे यंदा मागे टाकायचेच, असा वर्षाचा संकल्प उधळपट्टीनं मोडतो त्यापेक्षा जास्त वेळा दरवर्षी ठरलेल्या वेळी येणाऱ्या खर्चांनी मोडतो. जून दरवर्षी येतो. तरी आपल्याला तो दरवर्षी अचानकच भेटतो.

1924 मध्ये इटलीतल्या मिलान शहरात देशोदेशींच्या बचत बँकांची परिषद भरली आणि 31 ऑक्टोबर हा जागतिक बचत दिन ठरला. आपल्याकडे 31 ऑक्टोबरला इंदिरा गांधींचा स्मृतिदिन असल्यामुळे तो एक दिवस आधी, 30 तारखेला पाळतात. माझ्या पिढीला बचतीची ओळख करून दिली ती मात्र शाळेतल्या ‘संचयिके’नं. मुलंच रोखपाल, मुलंच हिशेबनीस. चार-आठ आणे भरले की छोट्याशा पासबुकावर नोंद व्हायची आणि आपण कुणीतरी झालो असं वाटायचं. भिंतीवर ‘थेंबे थेंबे तळे साचे’ लिहिलेलं. संस्कार उत्तमच होता. पण तळं भरायला शिकवताना त्याला गळती कुठून लागते, हे काही कुणी शिकवलं नाही.

आमच्या गल्लीत टेम्पो चालवणारा एक तरुण आहे. त्याचं नाव सांगत नाही. तोही रविवारचा पेपर वाचतो. काही वर्षांपूर्वी पाडव्याला त्यानं ठरवलं की महिन्याला तीन हजार, म्हणजे वर्षाला छत्तीस हजार मागे टाकायचे. घराच्या पत्र्याच्या जागी स्लॅब घालायचा होता. एप्रिलचे भरले, मेचे भरले. जुलैत भेटला तेव्हा म्हणाला, ‘चाचा, जूननं घात केला बघा. आता दिवाळीनंतर बघू.’ दिवाळीनंतर कोण बघतं, ते आपण सगळे जाणतो. मी त्याला म्हटलं, ‘एक शंभर पानी वही घेऊन ये.’

वहीच्या पहिल्या पानावर आम्ही बचतीचा आकडा लिहिलाच नाही. वर्षातून एखादवेळीच येणारे, पण न चुकता येणारे खर्च तेवढे लिहिले. दोन पोरांची शाळा, वह्या-पुस्तकं, गणवेश, दप्तरं मिळून जूनमध्ये 14,000. टेम्पोचा विमा आणि पासिंग 20,000. गणपतीपासून दिवाळीपर्यंत 12,000. गावची जत्रा, बहिणींचं माहेरपण, लग्नातले आहेर 5,000. घरपट्टी, पाणीपट्टी 3,000. बेरीज झाली 54,000. बाराने भागले तर महिन्याला साडेचार हजार. तो वहीकडे बघतच राहिला. महिना तीन हजार बचत करायला निघालेल्या माणसाच्या डोक्यावर महिना साडेचार हजारांचं देणं आधीपासूनच होतं, फक्त ते कुठं लिहिलेलं नव्हतं.

हे 54,000 म्हणजे बचत नव्हे. ही बेगमी. डाळीचा डबा भरून ठेवला म्हणजे आपण श्रीमंत झालो असं कुणी म्हणत नाही. पावसाळ्यात ती खायचीच असते. तसंच हे पैसे खर्च व्हायलाच साठवायचे. हा फरक नुसता शब्दांचा नाही. ज्या घरात बेगमी आणि बचत एकाच डब्यात असते, तिथं जूनमध्ये बेगमी बचतीला खाऊन टाकते आणि मग माणूस ‘माझ्याच्यानं बचत होत नाही’ असा स्वतःवर ठपका ठेवतो. ठपका माणसावर ठेवण्यासारखं त्यात काही नसतं. डबे दोन हवे होते, एवढंच.

दुसऱ्या पानावर कमाई लिहिली. डिझेल, दुरुस्ती जाऊन हातात येणारी. डिसेंबर ते एप्रिल ऊस, द्राक्षं, पुढे बेदाणा, भाडी भरपूर. त्या पाच महिन्यांत सरासरी 34,000 पडत होते. पावसाळा आणि त्याच्या आगेमागे सात महिने 19,000. म्हणजे 1,70,000 आणि 1,33,000, वर्षाचे झाले 3,03,000. घरखर्च, म्हणजे वाणी, दूध, वीज, गॅस, मोबाइल, औषधं, महिन्याला 17,500, वर्षाचे 2,10,000. त्यात बेगमीचे 54,000 मिळवले की 2,64,000. उरले 39,000. त्यातले नऊ हजार आजारपणासाठी मोकळे सोडले आणि बचतीचा आकडा ठरला 30,000.

आता गंमत बघा. पावसाळ्यात त्याच्या हातात महिन्याला जेमतेम दीड हजार उरत होते. तिथं तीन हजारांचा हप्ता भरायचा कुठून? हंगामात मात्र साडेसोळा हजार उरत होते आणि तेव्हाही तो तीनच हजार बाजूला टाकायचा. बाकीचे हवेत जायचे. म्हणून ठरवलं की 30,000 हंगामातल्या पाच महिन्यांतच, सहा-सहा हजारांनी बाजूला काढायचे. बेगमीचे बरेचसे पैसेही हंगामातच भरून ठेवायचे. पावसाळ्यात बचत शून्य असली तरी वाईट वाटून घ्यायचं नाही. आकडा छत्तीसवरून तीसवर आला खरा, पण पहिला हवेतला होता आणि दुसरा वहीतला.

बचतीचं उद्दिष्ट वर्षाचं असावं असं मी म्हणतो ते याचसाठी. महिना हे पगारदारांचं माप आहे. शेतकरी, रिक्षावाला, मंडपवाला, शिलाई करणारी बाई, वाजंत्री, यांचं माप वर्ष. दर महिन्याला सारखाच हप्ता पडला पाहिजे हा हट्ट त्यांच्यावर लादला की तिसऱ्या महिन्यात हप्ता चुकतो, आणि एकदा चुकला की संकल्प मोडला अशी मनाची समजूत होते. वर्षाच्या मापात एक महिना रिकामा गेला तर अकरा शिल्लक असतात.

पगारदारांचा प्रश्न वेगळा. त्यांच्या हातात दर महिन्याला तेवढेच पैसे येतात आणि दर महिन्याला तेवढेच संपतात. माझ्या टेबलासमोरून गेलेल्या दोन शिक्षकांची गोष्ट सांगतो. दोघांची सेवा सारखी, वेतन जवळपास सारखं. एकानं भविष्य निर्वाह निधीची कपात दोन हजारांनी वाढवून घेतली. दुसरे म्हणाले, ‘कापायचं कशाला? हातात घेऊन मीच बाजूला टाकीन.’ हे दुसरे गृहस्थ अतिशय काटकसरी, चहासुद्धा घरूनच पिऊन येणारे. तरी दहा वर्षांनी मुलीच्या लग्नाला कर्ज काढलं ते त्यांनी, पहिल्यांनी नाही. जे हातात पडतच नाही त्याची सवय लागत नाही. महिनाअखेरीस उरेल ते टाकू म्हणणाऱ्याला उरत नाही, याला त्याचा स्वभाव कारणीभूत नाही. हातातला पैसा स्वतःसाठी काम शोधून काढतो, इतकंच.

याच गोष्टीवर परदेशात अभ्यास झालेला आहे. अमेरिकेतले रिचर्ड थेलर आणि श्लोमो बेनार्ट्झी या अर्थतज्ज्ञांनी 2004 मध्ये एका कारखान्यातला अनुभव प्रसिद्ध केला. कामगारांना आज बचत वाढवा म्हटलं तर ते नको म्हणायचे. म्हणून त्यांना विचारलं, पुढची पगारवाढ होईल तेव्हा त्यातला काही भाग कापू का? याला बहुतेकांनी होकार दिला. चाळीस महिन्यांत त्या लोकांची बचत पगाराच्या साडेतीन टक्क्यांवरून 13.6 टक्क्यांवर गेली. थेलर यांना पुढे 2017 मध्ये नोबेल मिळालं. आमच्या शाळेत मी एवढंच करतो, कुणाची वार्षिक वेतनवाढ लागली की बिल करण्याआधी विचारतो, ‘सर, यातले निम्मे निधीत वाढवू का?’ महागाई भत्त्याचा फरक आला की तेच. दहांतले चार जण हो म्हणतात. बाकीचे सहा जण पुढच्या वेळी बघू म्हणतात आणि मीही पुढच्या वेळी पुन्हा विचारतो.

पैसे ठेवायचे कुठे, हा प्रश्न लोक सगळ्यात आधी विचारतात. माझ्या मते तो तिसरा प्रश्न आहे, पण महत्त्वाचा आहे. एका वर्षाच्या बचतीत व्याजाचा अर्धा-एक टक्का फारसा फरक करत नाही. फरक पडतो तो पैसे काढायला किती त्रास होतो यानं. तो इतका हवा की लहरीखातर कुणी काढणार नाही आणि दवाखान्याची वेळ आली तर मात्र मिळतील.

पोस्टातली आवर्त ठेव, आपण जिला आरडी म्हणतो, ती महिन्याला शंभर रुपयांपासून सुरू होते, मुदत पाच वर्षं. हप्ता चुकला तर शंभर रुपयांमागे महिन्याला एक रुपया दंड. चार हप्ते चुकले की खातं खंडित होतं आणि ते पुन्हा सुरू करायला दोन महिन्यांची सवड मिळते. दंड किरकोळ आहे, पण त्याची टोचणी किरकोळ नाही. आणि या ठेवीमागे एक मोठी सोय होती व आहे, ती म्हणजे घरी येणारी एजंट बाई. 1972 मध्ये महिला प्रधान क्षेत्रीय बचत योजना सुरू झाली आणि हजारो बायका दारोदार जाऊन हप्ते गोळा करू लागल्या. आमच्या आळीत येणाऱ्या बाई पाच तारखेला बरोबर दारात उभ्या. ‘भाभी, कार्ड द्या,’ म्हणायच्या. मला विचाराल तर त्या योजनेचं यश व्याजदरात कमी आणि त्या हाकेत जास्त होतं. दारात आलेल्या बाईला परत पाठवायची लाज वाटते. बचत टिकवायला थोडी लाजही कामी येते.

रोज कमावणाऱ्यांसाठी पिग्मी. 1928 मध्ये उडुपीच्या सिंडिकेट बँकेनं ही पद्धत सुरू केली, टी. एम. ए. पै हे तिच्या संस्थापकांपैकी. विणकर, छोटे दुकानदार यांच्याकडून बँकेचा माणूस रोज अगदी दोन आणेसुद्धा गोळा करायचा. ती बँक 2020 मध्ये कॅनरा बँकेत विलीन झाली, पण पिग्मी हा शब्द आमच्या सीमाभागातल्या प्रत्येक पानपट्टीवाल्याच्या तोंडी आहे. रोजचा गल्ला मोजताना पन्नास रुपये बाजूला काढणं सोपं जातं. महिन्याच्या शेवटी पंधराशे काढणं त्याच माणसाला जड जातं.

पोस्टाच्या आरडीचा हप्ता महिन्याचा, पिग्मीचा दिवसाचा. आमचा टेम्पोवाला या दोन्हींत बसत नव्हता. त्याला आम्ही एक-एक वर्षाच्या मुदत ठेवीच्या पावत्या करायला लावल्या. हंगामातल्या प्रत्येक महिन्याला सहा हजारांची एक. पुढे गरज पडली तर सगळी रक्कम मोडायला नको, एक पावती मोडता येते, हा त्यातला फायदा. भविष्य निर्वाह निधीच्या धर्तीवर सर्वांसाठी 1968 मध्ये सुरू झालेलं पीपीएफ खातंही वर्षाच्या मापानं चालतं. वर्षाला कमीत कमी 500 आणि जास्तीत जास्त दीड लाख, कधीही, कितीही वेळा मिळून भरा. पण त्याची मुदत पंधरा वर्षं. ते म्हातारपणासाठी, स्लॅबसाठी नव्हे.

भिशीबद्दल बोललो नाही तर आमच्या घरातल्या बायका मला जेवायला वाढणार नाहीत. बारा जणींनी महिन्याला हजार टाकायचे, चिठ्ठी निघेल तिनं बारा हजार उचलायचे. यात व्याज नाही, कागद नाही, फक्त शब्द. पण एक गोष्ट ध्यानात येत नाही. जिची चिठ्ठी पहिल्या महिन्यात निघाली तिच्यासाठी ती भिशी म्हणजे अकरा महिन्यांत फेडायचं कर्ज आणि शेवटच्या महिन्यात उचलणारीसाठी तीच भिशी म्हणजे निव्वळ बचत. म्हणून बचत करायची असेल तर मागचा नंबर मागून घ्यावा. धोका उघड आहे. पहिल्यांदा उचलणारी पुढे भरेनाशी झाली तर बुडते ती मागची. ओळखीच्या बारा जणींत हे चालतं. लिलावाची भिशी, अनोळखी माणसं, लाखांचे आकडे सुरू झाले की तिथं शब्द पुरत नाही. असल्या व्यवहारांसाठीच 1982 चा चिट फंड कायदा आहे आणि तो नोंदणी मागतो.

पतसंस्थांचं नाव काढलं की आमच्या भागात अजून लोक गप्प होतात. कितीजणांच्या ठेवी अडकल्या ते प्रत्येक गल्लीला माहीत आहे. नियम एवढा लक्षात ठेवावा. बँकेतल्या ठेवीला विम्याचं संरक्षण असतं. ते 2020 मध्ये एक लाखावरून पाच लाखांवर नेलं गेलं. पतसंस्थेतल्या ठेवीला ते नाही. दोन टक्के जास्त व्याज कशाबद्दल मिळतं, त्याचं उत्तर बऱ्याच वेळा इथं असतं.

आता बचतीच्या नावाबद्दल. मलेशियात 1959 मध्ये उंगकू अझीझ या अर्थतज्ज्ञानं एक टिपण लिहिलं. खेड्यातले मुसलमान हजला जाण्यासाठी आयुष्यभर पैसे साठवत, पण व्याज नको म्हणून बँकेत जात नसत. गादीखाली, मडक्यात पैसे ठेवत. कमी पडले तर जमीन, गुरं विकून जात आणि परतल्यावर कंगाल होत. त्यावरून 1963 मध्ये हजच्या बचतीची बिनव्याजी संस्था सुरू झाली. तिथं ठेवलेला पैसा व्यापार-उद्योगात घालून नफा वाटला जातो. आज ती ‘ताबुंग हाजी’ म्हणून ओळखली जाते. मला त्यात धर्मापेक्षा वेगळं काही दिसतं. ते लोक ‘पैसा’ साठवत नव्हते, ‘हज’ साठवत होते. नाव असलेला पैसा सहजासहजी मोडवत नाही.

आमच्या घरात हे मी जवळून बघितलं. अम्मीनं 2011 मध्ये हजसाठी पैसे साठवायला सुरुवात केली. मिळकत शिलाईची आणि आम्ही देऊ त्याची. वर्षाचा आकडा तिनं पंचवीस हजार ठरवला होता. बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा होता, त्यावर कागद चिकटवून माझ्या मुलीकडून ‘हज’ असं लिहून घेतलं होतं. कुणी त्या कपाटापाशी गेलं की तिचा आवाज यायचा, ‘डब्बे कू हात नक्को लगाना.’ तिचं वर्ष रमजानला संपायचं. आमच्यात ज्याच्याकडे साडेसात तोळे सोनं किंवा साडेबावन्न तोळे चांदी यांच्या किमतीएवढी शिल्लक चांद्रवर्षभर राहिली, त्यानं त्यावर अडीच टक्के जकात द्यायची असते. बहुतेक लोक रमजानमध्ये देतात. त्यासाठी सगळं मोजावं लागतं. दागिना, रोकड, बँकेतले, उसने दिलेले. अम्मी त्या दिवशी डबा उपडा करायची, पैसे मोजायची, जकात बाजूला काढायची आणि बाकीचे खात्यात भरायला माझ्याकडे द्यायची. खात्यावरच्या व्याजाचा आकडा मी वेगळा काढून दिला की तो ती गरजूंना देऊन टाकायची. तो तिचा आणि तिच्या अल्लाचा हिशेब, त्यावर मी बोलणार नाही.

मला त्या दिवसाचं महत्त्व हिशेबी माणूस म्हणून वाटतं. वर्षातून एक ठरलेला दिवस असा, की ज्या दिवशी घरातलं सगळं मोजायचं. व्यापारी दिवाळीच्या पाडव्याला नवी वही घालतात, सरकार 31 मार्चला मोजतं. दिवस कुठलाही चालेल, पण ठरलेला हवा. रमजानची एक अडचण अशी की चांद्रवर्ष दहा-अकरा दिवसांनी लहान. जून हलत नाही, रमजान हलतो. म्हणून बेगमीची यादी मी इंग्रजी कॅलेंडरवर ठेवतो आणि अम्मी तिची मोजणी चंद्रावर. तिच्या डब्यानं 2016 चा नोव्हेंबरही बघितला. पाचशे-हजारच्या नोटा बंद झाल्या तेव्हा घरोघरच्या अशा डब्यांची गुपितं नवऱ्यांना कळली. आमच्याकडे रमजानलाच पैसे खात्यात गेलेले असल्यामुळे डब्यात चार-दोन नोटाच निघाल्या.

नऊ वर्षं झाली, आम्ही भावंडांनी राहिलेली भर घातली, 2020 साठी अर्ज केला. वय सत्तरच्या पुढे, त्यामुळे त्या वेळच्या नियमाप्रमाणे सोडतीचीही गरज नव्हती. आणि करोना आला. सौदी सरकारनं बाहेरून कुणाला येऊ दिलं नाही. भरलेले पैसे हज कमिटीकडून परत खात्यात आले. त्याच सुमारास धाकट्या भावाचं दुकान बंद, भाडं थकलेलं. घरात एवढी रक्कम पडलेली असताना काय करायचं, हा प्रश्न तोंडानं कुणी विचारला नाही, पण सगळ्यांच्या चेहऱ्यावर होता.

अम्मीनं भावाला चाळीस हजार दिले. दिले म्हणजे उसने दिले. माझ्याकडून वहीत लिहून घेतलं, ‘हजच्या पैशातून उसने’, खाली तारीख, आणि पुढच्या जानेवारीपासून महिन्याला दोन हजार परत, असं ठरवून त्याची सही घेतली. आईनं मुलाची सही घेतली म्हणून माझी बायको चकित झाली. पण मी सांगतो, बचत मोडण्याची सगळ्यात चांगली रीत हीच. कधी ना कधी मोडावी लागतेच. मोडली म्हणजे संपली असं न मानता ती उसनवार गेली आहे असं लिहून ठेवायचं, मग ती स्वतःला दिलेली असो की मुलाला. लिहिलं नाही की वर्षाचा आकडा पुसला जातो आणि पुढच्या वर्षी पुन्हा शून्यापासून सुरुवात करायला मन धजत नाही.

2021 लाही बाहेरच्यांना बंदी होती. 2022 मध्ये परवानगी मिळाली ती पासष्टच्या आतल्यांनाच. भावाचे हप्ते मात्र येत राहिले आणि त्या वर्षी ते फिटले. 2023 मध्ये वयाची अट उठली आणि अम्मी चौऱ्याहत्तराव्या वर्षी धाकट्याला सोबत घेऊन जाऊन आली. तोवर खर्च वाढलेला होता. फरक आम्ही भरला. महागाई बचतीच्या पुढे धावते हे खरंच आहे, म्हणून चार-पाच वर्षांच्या उद्दिष्टाचा आकडा दर मोजणीच्या दिवशी नव्यानं तपासावा लागतो. तिनं मात्र सांगितलं होतं, नऊ वर्षं जो पैसा साठला तो नसता तर तुम्ही फरकसुद्धा भरला नसता. यावर आमच्यापैकी कुणाकडेच उत्तर नव्हतं.

टेम्पोवाल्या तरुणाचं पहिलं वर्ष तीस हजारांवर नाही, 24,000 वर थांबलं. मार्चमध्ये अवकाळी पाऊस झाला, द्राक्षाची भाडी गेली, त्या महिन्याची पावती झाली नाही. पण जूनमध्ये शाळेची फी बेगमीच्या पैशातून गेली आणि चारही पावत्या शाबूत राहिल्या. पुढच्या पाडव्याला तो वही घेऊन आला. बेगमीच्या यादीत टायर आणि बॅटरी हे दोन नवे खर्च त्यानं स्वतःच घातले होते. बेरीज 54,000 वरून 61,000 वर गेली होती, आणि तेवढ्यानं बचतीचा आकडा त्यानं खाली आणला होता, 30,000 चे 23,000. मी विचारलं, ‘एवढा कमी?’ म्हणाला, ‘चाचा, टायर काय अचानक फुटतात व्हय?’ पावत्या तो घरात ठेवत नाही. त्या त्याच्या थोरल्या बहिणीकडे असतात, आणि बहीण कारण विचारल्याशिवाय देत नाही.